गोड्या पाण्याची रांग

१

स्नान आटोपून, चष्मा स्वच्छ पुसून मी अंगणातील विहिरीच्या ओट्यावर वाचावयास बसतो. हा माझा तरुणपणापासूनचा परिपाठ आहे. शाळेने मला चौथीनंतर सोडले. मी पुस्तकांना सोडले नाही. आम्ही फुलांचे शेतकरी. शेवंती आणि झेंडू मूर्तिजापूरच्या बाजारात विकावेत आणि रिकाम्या टोपलीतून वाचनालयाची पुस्तके घरी आणावीत, असे माझे शिक्षण झाले. त्यामुळे माझे बोलणे घरातल्या इतरांसारखे राहिले नाही. माझी पत्नी मनकर्णा म्हणे, "तुमचं बोलनं म्हंजे छापेल कागद. घडी मोडाची भीती वाटते."

आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. येथे कोठेही खणले तरी खारट पाणी लागते. त्यात डाळ शिजत नाही आणि त्यावर रोप जगत नाही. आमच्या अंगणातील विहीर मात्र गोड्या पाण्याची आहे. ती तशी का, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. सकाळी आळीतल्या बायका घागरी घेऊन येतात, रांग लागते, रहाट कुरकुरू लागतो. मनकर्णेचा एक नियम होता. रांगेतल्या शेवटच्या बाईची घागर भरेपर्यंत ती स्वतः पाण्याला तोंड लावीत नसे. वैशाखात तिचे ओठ सुकलेले मला दिसत. मी पितळी पेला भरून पुढे करी. ती तो कठड्यावर ठेवून देई आणि रांगेकडे पाहून विचारी, "अजून कोन हाये वं?" कोणीतरी "कोनी नाई" म्हणाले, की मग उभ्यानेच, एका दमात, पेला रिकामा करी.

ती गाणी रचीत असे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या वऱ्हाडात घरोघरी भुलाबाई बसते आणि मुली तिच्यापुढे गाणी म्हणतात. आमच्या आळीतल्या गाण्यांतील कित्येक मनकर्णेची होती. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून ती कोठे लिहिलेली नव्हती. कोजागिरी झाली की ती गाणी ठेवून देई. पुढे वाफ्यात निंदताना कोणी गुणगुणले तरी तिला खपत नसे. "गान्यालेबी इसावा लागते," ती म्हणे. "दुपारी विहिरीले देता ना इसावा, झरा भरून याले? मंग त्यानं काय पाप केलं?"

माझी नात प्रणाली अमरावतीला अभियांत्रिकी शिकते. एका कोजागिरीच्या सकाळी तिने विहिरीपाशी आजीचे एक गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. प्रारंभी रहाटाची कुरकुर आहे. बादली खाली जाते, पाण्यावर आपटते, आणि त्या आवाजाच्या पाठोपाठ मनकर्णा गाऊ लागते. गाणे संपल्यावर तिचा प्रश्न आहे, "अजून कोन हाये वं?" बादली ओढणाऱ्या शेजारच्या दुर्गाबाईचे उत्तर आहे, "कोनी नाई. पे आता तू." त्यानंतर पाणी पिण्याचा आवाज, कठड्यावर पेला ठेवल्याचा आवाज, बांगड्या, आणि मग काही नाही.

गेल्या पौषात मनकर्णा गेली.

जे जतन केले जात नाही ते नाहीसे होते, असे मी आयुष्यभर वाचत आलो होतो. माघात मी प्रणालीला सांगून ते गाणे इंटरनेटवर घातले. अनोळखी माणसे ऐकू लागली, दूरदूरच्या शहरांतून चार शब्द लिहू लागली. मला समाधान वाटले, आणि अभिमानही वाटला. ओट्यावर बसल्यावर मीही फोन लावून शेजारी ठेवू लागलो. गाणे संपले की आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी व्यवस्था प्रणालीने करून दिली होती. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला तसाच एक स्वयंचलित खटका असतो. वीज केव्हाही येवो, मोटार आपली आपण चालू होते. माझा मुलगा, प्रणालीचा बाप नितेश, फोनकडे पाहून म्हणाला, "बाबानं मायले ऑटोवर टाकलं."

आम्ही दोघेही हसलो होतो.

२

चैत्रातल्या एका सकाळी बादली पाण्यावर उशिरा आपटली.

फोनमधली बादली, हे येथे स्पष्ट करतो. मी वाचीत होतो आणि गाण्याकडे माझे लक्ष नव्हते. परंतु ज्या घरात आपण रोज वावरतो तेथील जिन्याची एक पायरी कोणी खोल केली, तर पाय जसा क्षणभर हवेत राहतो, तसा माझा कान राहिला. रहाट कुरकुरला, दोर सुटला, आणि जेथे पाण्याचा आवाज यावयास हवा होता तेथे तो आला नाही. मनकर्णेने घसा साफ केला. पूर्वी ती असे करीत नव्हती. मग पाणी वाजले, आणि ती गाऊ लागली.

मी पुस्तक मिटले. ध्वनिमुद्रण म्हणजे छापलेले पान होय. छापलेल्या पानावरची ओळ रात्रीतून लांबत नाही. मी म्हातारा आहे, मला ऐकू कमी येते, आणि शोकाने माणसाचा काळाचा अंदाज बिघडतो, हे मी वाचलेले आहे. अशी कारणे मी स्वतःपुढे मांडली आणि गाणे पुन्हा लावले. बादली पुन्हा उशिरा आपटली. रहाटाची कुरकुर आणि पाण्याचा आवाज यांमध्ये दोराची लांब सळसळ ऐकू येत होती.

दुपारी नितेश शेतातून आला आणि हातपाय धुता धुता म्हणाला, "विहीर खाली गेली, बाबा. मानूसभर तं गेलीच असन."

"चैत्र आहे. जायचीच," मी म्हणालो.

"चैत्रात कधी गेली होती? आमी लहानपनी वैशाखात उड्या मारत होतो थ्या विहिरीत. माय काठी घेऊन मांगं लागे." त्याने पंच्याने तोंड पुसले. "कोनं तरी जवळपास बोअर मारला असन खोल. लोक खारं पानी लागते तरी मारून राहिले. डोकं नाई लोकायले."

हे कारण मला पटले. दुसऱ्या कोणत्याही माणसालाही ते पटले असते.

३

पाण्याची चव बदलली, हे प्रथम दुर्गाबाईने सांगितले.

दुर्गाबाई मनकर्णेची जन्माची मैत्रीण. वयाने माझ्या बरोबरीची आणि जिभेने सर्वांच्या पुढची. घागर भरून तिने ओंजळभर पाणी तोंडात घेतले, थोडा वेळ धरले आणि बाजूला थुंकले.

"भाऊजी, मचूळ लागून राहिलं."

"तोंडाची चव गेली असेल तुमची."

"माह्या तोंडाची चव माह्या सुनेले इचारा, थे सांगन कशी हाये. पानी मचूळ हाये." ती ओट्यावर टेकली. फोन माझ्या शेजारी चालूच होता. "हे काहून लावून ठेवता दिवसभर? मनूले आवडत नोतं चैतात गानं."

"तिची आठवण म्हणून."

"मले तं बिना मशिनीची येते आठवन," ती म्हणाली, परंतु उठली नाही. दोघेही ऐकत राहिलो. उन्हाने रहाटाचे लाकूड तडकत होते. फोनमधला रहाट कुरकुरला, दोर सुटला आणि सुटतच राहिला. दुर्गाबाईचा उजवा हात मांडीवर आवळला गेला. दोर हाताला काचू लागला की जसा आवळतो तसा.

"एवढा दोर मी सोडलाच नोता," ती हळू म्हणाली. "त्या दिवशी पानी हाताले लागन असं होतं. कोजागिरी होती ना."

माझ्यापुरता असलेला भ्रम मी सहन करू शकत होतो. तो दुसऱ्यालाही व्हावा, हे मला आवडले नाही.

गाणे संपले. मनकर्णेने विचारले, "अजून कोन हाये वं?"

त्यानंतर काही नव्हते. दुर्गाबाईचे उत्तर नव्हते, पिण्याचा आवाज नव्हता, पेला ठेवल्याचा आवाज नव्हता. थोडा वेळ मोकळ्या आवाराची शांतता ऐकू आली, आणि मग रहाट पुन्हा कुरकुरू लागला. गाणे पहिल्यापासून सुरू झाले होते.

"म्या म्हनलं होतं," दुर्गाबाई म्हणाली. "कोनी नाई, पे आता तू, असं म्या म्हनलं होतं. तुमी आयकलं होतं ना?"

"ऐकले होते."

"मंग माहा आवाज कुठी गेला?"

तिने घागर तशीच ठेवली आणि घरी गेली. संध्याकाळी तिची सून येऊन ती घेऊन गेली.

४

प्रणालीला फोनवर हे सांगणे मला शक्य झाले नाही. मी एस.टी.ने अमरावतीस गेलो. वसतिगृहाबाहेरच्या रसवंतीत आम्ही बसलो. ऊस पिळणाऱ्या यंत्राच्या घुंगरांत आमचे बोलणे दुसऱ्या कोणाला ऐकू जात नव्हते, हे बरे झाले.

ती हसली नाही. तिच्यात आजीचा हा गुण आहे. तिने स्वतःच्या फोनवर गाणे लावले, कानाशी धरले आणि बराच वेळ ऐकले.

"फाइल खराब झाली असेल, आबाजी," ती म्हणाली. "कधीकधी होते."

"मूळ प्रत लाव."

"मूळ नाहीये. माझा तो फोन फुटला, तुम्हाला सांगितलं होतं. जे आहे ते वरचंच."

"माझ्या फोनमध्ये आहे ना."

"तुमच्या फोनात नाहीये ते. तुम्ही प्रत्येक वेळी लावता तेव्हा वरून येतं."

"वरून म्हणजे कोठून?"

तिने मला समजावून सांगितले. मी शिकलेला नसलो तरी समजावून सांगितलेले मला कळते. 'वर' म्हणजे वर काही नसते. जमिनीवरच्या मोठ्या इमारतींत यंत्रे रचून ठेवलेली असतात आणि साऱ्या जगाची गाणी, छायाचित्रे, बोलणी त्यांत साठवलेली असतात. यंत्रे अहोरात्र चालतात आणि तापतात.

"मंग त्यांना कूलर लागतो," प्रणाली म्हणाली. "आपल्या घरच्यासारखाच, फक्त लय मोठा. आणि कूलरला काय लागते?"

उन्हाळ्यात अकोल्याच्या हवेत राहणाऱ्या माणसाला हे विचारण्याची गरज नाही. आमच्या घरात संध्याकाळची पहिली बादली कूलरमध्ये जाते आणि दुसरी माणसांसाठी असते.

"एका गाण्याला थेंबसुद्धा लागत नसेल," ती घाईने म्हणाली. "तुमच्या ऐकण्यानं काही होत नाही, आबाजी."

"आणि इतरांच्या?"

तेव्हा तिने मला ते दाखवले. मला ठाऊक नव्हते, आणि तिने मुद्दाम सांगितले नव्हते. पूर्ण गाणे फार कोणी ऐकत नव्हते. लोकांनी त्यातला तेवढा प्रश्नच कापून घेतला होता. लग्नाच्या पंगतीचे चित्रण, मुलगी पाहावयास आलेल्या मुलाचे चित्रण, बँकेबाहेरच्या रांगेचे चित्रण, प्रत्येकावर माझ्या पत्नीचा आवाज होता, "अजून कोन हाये वं?" आणि त्यावर हशा. एकानंतर दुसरे, दुसऱ्यानंतर तिसरे. प्रणाली अंगठ्याने सरकवीत होती आणि ते संपत नव्हते.

"किती माणसे आहेत ही?"

"सगळी माणसंच आहेत असंही नाही," ती म्हणाली. "यंत्रंपण ऐकतात. माणसाच्या आवाजात बोलायला शिकतात ती. त्यांना परत परत ऐकावं लागते."

"ती विसावा घेतात?"

"नाही, आबाजी."

मला अशी एक इमारत पाहावयाची आहे, असे मी म्हणालो. तिचे म्हणणे, गाणे नेमके कोठे आहे हे कोणालाच सांगता येणार नाही, ते साता समुद्रापलीकडे असेल. तरी तिने मला स्कूटरवर मागे बसवले. नांदगाव पेठेच्या पुढे, रस्त्यापासून आत, नव्या बांधणीची एक इमारत होती. तिला खिडक्या नव्हत्या. आतून एकसारखी घरघर येत होती, कूलरची येते तशी, परंतु पायाखालच्या मातीतून. छतावरून पांढरी वाफ उठून उन्हात विरत होती. फाटकाबाहेर पाण्याच्या टँकरांची रांग उभी होती. चालक सावलीत पत्ते खेळत होते.

रांगेतल्या शेवटच्या टँकरची तोटी गळत होती. मी जवळ गेलो, ओंजळ धरली आणि ते पाणी प्यायलो.

खारपाणपट्ट्यातला माणूस पाणी चवीने ओळखतो. परगावच्या लग्नात पहिल्या घोटाला त्याला कळते, हे कोणत्या शिवारातले. ते पाणी गोड होते. त्यात किंचित शेवंतीच्या मुळांचा वास होता, आणि कठड्याच्या दगडाचा, आणि आमच्या दोराचा.

"कोठले पाणी आहे हे?" मी चालकाला विचारले.

"अं? विकतचं," तो पत्त्यांतून वर न पाहता म्हणाला. "आमी काय त्याचं गाव इचारतो काय, बाबाजी?"

परत येताना शहराच्या वेशीपर्यंत ती घरघर माझ्या पायांत राहिली होती.

५

परतल्यावर मी फोन पुस्तकांच्या कपाटात ठेवला. तो बंद करावा, असे मी ठरवले होते. बंद केल्यावर घरात पसरलेली शांतता मला अर्धा दिवससुद्धा सोसवली नाही. मी कपाटाचे दार लोटून, आवाज अगदी लहान करून, पुन्हा लावला. मला तिचा आवाज हवा होता. याहून वेगळे कारण मी येथे देणार नाही.

वैशाखातली भर दुपार होती. नितेश आणि सूनबाई शेतात शेवंतीवर टोपल्या झाकावयास गेली होती. पाणी पुरेनासे झाल्याने रोपे उन्हात माना टाकू लागली होती. मी आतल्या खोलीत पडलो होतो. वीज गेली. कूलरचे पाते हळूहळू थांबले, त्यातून ठिबकणारे पाणी थांबले, आणि घर असे निश्चल झाले की कपाटातल्या पुस्तकांचा कागद उन्हाने वाजताना मला ऐकू आला.

रहाट कुरकुरत होता. कपाटातला नव्हे, तो विहिरीवरचा होता.

कोणी पाण्यास आले असावे, असे मी मानले. भर दुपारी कोणी येत नाही, विहिरीचा तो विसाव्याचा वेळ आहे, हेही मला त्याच क्षणी आठवले. मी उठून अंगणात आलो. अंगण पांढरे झाले होते. कठड्यापाशी कोणी नव्हते. रहाट फिरत होता आणि दोर आत जात होता. जड बादली खाली सोडताना हात जसा दोर रोखून धरतो, तसा तो थांबत थांबत जात होता.

मी कठड्यावर वाकलो.

एवढी खोल विहीर मी कधी पाहिली नव्हती. ज्या पायऱ्या मी आजवर पाण्याखालीच पाहिल्या होत्या त्या कोरड्या पडून पिवळ्या झाल्या होत्या. अगदी तळाशी चिखल होता, आणि एका फटीतून झऱ्याची दोऱ्याएवढी धार येत होती. धारेखाली दोन हातांची ओंजळ होती. मनगटांत हिरव्या बांगड्या होत्या. ओंजळ भरे, वळे, बादलीत रिकामी होई आणि परत धारेखाली जाई. डोक्यावरचा पदर मला ओळखीचा होता. ते लुगडे मीच अकोल्याहून आणले होते. चेहरा दिसत नव्हता. ओंजळ एकदाही तोंडाकडे गेली नाही.

गाळ काढावयास कोणी बाई उतरली असेल, असे माझ्या बुद्धीने मला सांगितले. माझ्या बुद्धीचे मला त्या क्षणी फार वाईट वाटले.

बादली भरली, तेव्हा ते हात थांबले. खालून, दगडांवरून घासत, कोरड्या घशातून आवाज आला.

"अजून कोन हाये वं?"

"कोणी नाही," एवढेच मला म्हणावयाचे होते. दोन शब्द पुरेसे होते. मी तोंड उघडले. परंतु माझ्या मागे, घरात, कपाटाच्या लोटलेल्या दाराआड, गाणे चालू होते. रांगेत मी स्वतः उभा होतो. आणि मी तिच्याशी कधी खोटे बोललो नव्हतो.

मी काहीच बोललो नाही. रहाट उलटा फिरू लागला आणि बादली वर येऊ लागली. ती कठड्याशी आली तेव्हा रिकामी होती आणि आतून ओली होती.

६

मी प्रणालीला बोलावून घेतले. गाणे पुसावयाचे, असे सांगितले. नितेश उंबऱ्यात बसून दोर गुंडाळीत होता. तो थांबला.

"मायचा आवाज पुसता?"

"होय."

"तुमाले इचारतो बाबा, तुमच्याजवळ काय नाई? पुस्तकं हायेत, तिचे फोटो हायेत, तुमाले शब्द येते. माह्याजवळ काय हाये? विहीर आटाच्या आंधी पानी द्याले जात होतो तं कानात तिचं गानं लावत होतो. आपली मायच संग आली असं वाटे." त्याचा आवाज वाढला नव्हता, उलट खाली गेला होता. "विहीर बोअरनं आटली. तुमी मायवर काहून घेता?"

त्याला मी विहिरीतले सांगितले नव्हते. ते कोणत्या भाषेत सांगावे, हे मला ठरवता आले नव्हते.

प्रणाली मध्ये पडली. "बाबा, मी तुमच्या फोनात उतरवून देते. तेवढं तुमच्यापाशी राहील. वरचं पुसते. मंग ते कुठून येणार नाही, पाणी लागणार नाही, काही नाही. आबाजी, चालेल?"

हे मला न्याय्य वाटले. तिने गाणे नितेशच्या फोनात उतरवले, आणि नीट उतरले की नाही हे पाहण्यासाठी लावले. आम्ही तिघे पुढच्या खोलीत, दारे उघडी ठेवून बसलो होतो. उजेड भरपूर होता.

दोर सुटला. तो इतका वेळ सुटत राहिला की प्रणालीने मला न विचारता माझा हात धरला. पाणी वाजलेच नाही. बादली दगडावर आपटली, पत्र्याचा आवाज झाला आणि घरंगळला. मनकर्णा गाऊ लागली. शब्द तिचेच होते. प्रत्येक ओळीच्या शेवटी जीभ टाळूला चिकटत होती. मध्ये एके ठिकाणी ती थांबली, आवंढा गिळण्याचा प्रयत्न केला, तो गिळला गेला नाही, आणि ती पुढे गाऊ लागली. गाणे अर्धवट सोडणे तिला आयुष्यात कधी जमले नाही.

"अजून कोन हाये वं?"

नितेश फोनकडे पाहत होता. तो वाट पाहत होता. या गाण्याचा शेवट त्याला पाठ होता. शेताच्या बांधावर तो शेकडो वेळा त्याने ऐकला असेल. आई पाणी पिते, पेला ठेवते, बांगड्या वाजतात.

शांतता झाली. मग रहाट कुरकुरला.

"माय पेत काहून नाई?" नितेशने विचारले. त्या वेळी तो पन्नाशीचा माणूस दिसत नव्हता.

त्याने गाणे थांबवले. बराच वेळ तो दोराचा पीळ बोटांनी चाचपीत राहिला आणि मग म्हणाला, "पुस वं, प्रणाली. माह्यातलं बी पुस. सगळंच पुस."

तिने पुसले. तिचा अंगठा एकदा थांबला, तिने माझ्याकडे पाहिले आणि मी मान हलवली. पुसण्यास काहीच वेळ लागला नाही. माणसाच्या आवाजाला नाहीसे होण्यास थोडा अधिक वेळ लागावा, असे मला वाटले होते.

"लोकांनी कापून घेतलेलं मात्र माझ्या हातात नाही, आबाजी," प्रणाली म्हणाली. "त्यांच्यापर्यंत मी पोहोचू नाही शकत. आणि यंत्रांनी जे शिकून घेतलं ते तर कोणीच परत घेऊ शकत नाही."

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो.

७

त्यानंतर पावसाळा आला आणि गेला. विहीर अर्ध्याहून वर आली. पाणी पूर्वीइतके गोड नाही, परंतु डाळ शिजते. बायका घागरी घेऊन येतात. शेवंती यंदा उशिरा, पण फुलली.

भुलाबाई बसली आहे. मनकर्णेची गाणी दुर्गाबाईने मुलींना तोंडाने शिकवली. काही ओळी तिच्याही ध्यानात राहिलेल्या नाहीत. तेथे ती मुलींना नुसते गुणगुणावयास लावते आणि पुढे जाते. मनकर्णेचा आवाज मला आता कोठेही ऐकू येत नाही. सकाळी ओट्यावर बसतो तेव्हा मी तो आठवू पाहतो, आणि मला शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. शब्द मी वाचतो तसे आठवतात.

सकाळची रांग संपली की मी एक गोष्ट करतो. पितळी पेला काठोकाठ भरतो, बादलीत नीट उभा ठेवतो आणि दोर हळू सोडतो. बादली पाण्यापासून वीतभर वर राहिली की दोर खुंटीला बांधतो. कठड्यावर वाकून सांगतो, "कोनी नाई, मनकर्णे. पे आता तू." हे वाक्य मी तिच्या भाषेत म्हणतो. माझ्या भाषेत ते तिने ऐकले नसते. मग मी पुस्तक उघडतो, एक प्रकरण वाचतो आणि बादली वर ओढतो.

पेला काठोकाठ भरलेला असतो. भरलेला पाठवला, भरलेला परत आला. यात नवल वाटण्याचे कोणतेही कारण नाही, हे मी जाणतो.

आज दुर्गाबाई घागर घेऊन मागेच थांबली होती. तिने विचारले, "पेली?"

मी पेला तिच्यापुढे धरला. तिने आत पाहिले. मग तिने आपली भरलेली घागर उचलली, कठड्यावर टेकवली आणि सावकाश विहिरीत रिकामी केली.

"म्या निंघाली रांगेतून," ती खाली पाहून म्हणाली. "आयकलं का वं, मनू? म्या नाई आता."

ती रिकामी घागर घेऊन घरी गेली. मी तेथेच उभा राहिलो. पलीकडच्या घरात कोणाचा तरी फोन वाजत होता. एक गमतीचे चित्रण संपे, दुसरे लागे. त्यातच मला तो ऐकू आला, मी विसरलेला आवाज, कोरडा, अगदी स्पष्ट. "अजून कोन हाये वं?" त्यामागून पुष्कळ माणसांचे हसणे आले.

ते हसणे थांबेपर्यंत मी वाट पाहिली. मग पेला पुन्हा बादलीत उभा केला आणि दोर सोडला.